इंजिन जपायचे तर हात जपावे लागतात

(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय परदेशातला आहे. ब्रिटनच्या मेन लाइनवर आजही वाफेची इंजिने धावतात, ती कशी, हे आम्ही सांगणार आहोत. "पगार, पेन्शन, रिकाम्या जागा सोडून हा शौकिनांचा विषय कशाला?" असे काही साथींनी विचारले. उत्तर शेवटी देतो. आधी हकिकत ऐका.

१९४८ साली ब्रिटनमध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा वीस हजारांवर वाफेची इंजिने होती. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेने डिझेल आणि विजेचा रस्ता धरला. घाई इतकी की स्विंडन कारखान्यात १९६० साली बांधलेले शेवटचे इंजिन 'इव्हनिंग स्टार' १९६५ सालीच सेवेतून काढले. ११ ऑगस्ट १९६८ रोजी लिव्हरपूल, मँचेस्टर, कार्लाइल अशी निरोपाची गाडी धावली. तिकीट पंधरा गिनी. त्यानंतर मेन लाइनवर वाफेला बंदी आली. 'फ्लाइंग स्कॉट्समन'च्या मालकाने आधीच करार केला होता, म्हणून तेवढे एक इंजिन काही काळ सुटले.

ऑक्टोबर १९७१ मध्ये 'किंग जॉर्ज फिफ्थ' हे इंजिन खास गाडी घेऊन निघाले आणि बंदी सैल झाली. टपालातल्या साथींनी याच महिन्याची आणखी एक नोंद घ्यावी. धावत्या टपाल डब्याच्या जाळ्यात रुळाकाठची चामडी थैली झेलण्याची पद्धत तेव्हा संपली. पुढे जानेवारी २००४ मध्ये डब्यात टपालाची छाननी करणाऱ्या गाड्याही बंद झाल्या. आज लफबरोच्या ग्रेट सेंट्रल रेल्वेवर स्वयंसेवक थैली झेलून दाखवतात, ते लोक कौतुकाने पाहतात. आपल्या आर.एम.एस.च्या साथींनी हे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

इंजिने वाचली कशी? दक्षिण वेल्समधल्या बॅरी गावी डाय वुडहॅम यांचे भंगाराचे आवार होते. तिथे आधी वॅगन तोडायला घेतल्या, कारण ते काम सोपे होते. इंजिने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली. वर्गणी काढून लोकांनी तिथून एकेक इंजिन विकत घेतले. अशी २१३ इंजिने सुटली. लोखंड सुटले, पण ते चालवणार कोण आणि दुरुस्त करणार कोण?

आमच्या जुन्या शेडवाल्या साथींना हे सांगायला नको. थंड इंजिन तासाभरात तापवता येत नाही. फायरबॉक्सचे तांबे आणि बॉयलरचे पोलाद सारखे फुगत नाही. घाई केली की स्टे तुटतात, ट्यूब गळतात. म्हणून आदल्या दिवसापासून हळूहळू जाळ धरतात. सेटल–कार्लाइल मार्गावर जवळजवळ पंधरा मैल शंभरास एकचा चढ आहे. आपल्या कसारा घाटाच्या सदतिसास एकपुढे तो सौम्य, पण संपता संपत नाही. चढ येण्याआधीच फायरमनने आग भरून ठेवायची, पाण्याची पातळी राखायची. चढावर जाग येऊन उपयोग नाही. हे पुस्तकात वाचून येत नाही, जाणत्या माणसाशेजारी उभे राहून येते.

त्यात आजची मेन लाइन वाफेसाठी राहिलेली नाही. पाण्याचे कॉलम गेले, टर्नटेबल बहुतेक गेले. टँकरने पाणी आणावे लागते. सोबतच्या डब्यातून फिटर आणि मदतनीस जातात. मोठ्या चाकांच्या इंजिनालाही ताशी ७५ मैल, म्हणजे १२० किलोमीटरची मर्यादा आहे. कोळशाचीही पंचाईत आहे. केलिंग्ली ही ब्रिटनची शेवटची मोठी खोल कोळसा खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. खाणकामगार घरी बसला आणि आता कोळसा बाहेरून येतो.

हात गमावले की काय होते, ते 'टॉर्नेडो'ने दाखवले. त्या जातीची सगळी ४९ इंजिने भंगारात गेली होती. १९९० साली काही लोकांनी नवे बांधायचे ठरवले. वर्गणीवर काम चालून २००८ साली डार्लिंग्टनला इंजिन पुरे झाले. अठरा वर्षे लागली. जगाला वाफेची इंजिने विकणाऱ्या या देशाला त्याचा बॉयलर मात्र जर्मनीतल्या मायनिंगेनहून आणावा लागला. तिथल्या रेल्वे कारखान्यात हे काम कधी थांबलेच नव्हते.

आता सुरक्षेकडे वळू. या इंजिनांवर आजची सावधानतेची घंटा आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बसवलेली असते. ७ मार्च २०१५ रोजी वुटन बॅसेट येथे वाफेच्या एका खास गाडीने लाल सिग्नल ओलांडला आणि ती जंक्शनवर जाऊन थांबली. काही क्षणांपूर्वीच तिथून एक वेगवान प्रवासी गाडी गेली होती. त्याआधी वेगमर्यादेच्या जागी यंत्रणेने ब्रेक लावले होते. ते सोडवण्यासाठी फूटप्लेटवर कॉक फिरवून यंत्रणाच तोडण्यात आली, म्हणून पुढच्या लाल सिग्नलवर तिने काहीच केले नाही. ड्रायव्हरची चूक होतीच, आम्ही ती झाकत नाही. २०१६ साली त्याला स्थगित शिक्षा झाली. पण तेवढ्यावर प्रकरण मिटले नाही. चौकशीत कंपनीच्या कारभारातले दोषही पुढे आले. तिच्या गाड्या काही काळ बंद ठेवल्या गेल्या आणि न्यायालयाने तिला दोन लाख पौंडांचा दंड केला. आपल्याकडे स्पॅड झाला की चार्जशीट कोणाच्या हाती पडते आणि कोण सुटते, हे तुम्ही जाणता.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. १९९५ च्या अखेरीस आपल्या ब्रॉडगेजवरून वाफ गेली. लीड्सला १८५५ साली बांधलेले 'फेअरी क्वीन' १९९७ साली दिल्ली–अलवर मार्गावर पुन्हा धावले, ते आपल्याच कामगारांच्या हातांवर. ते हात आज निवृत्त आहेत, काही तर हयात नाहीत. यंत्र बदलावे, त्याला आमचा विरोध नाही. पण यंत्राबरोबर कारागिराचे ज्ञानही भंगारात टाकले, तर ते परत मिळवायला अठरा वर्षेही पुरत नाहीत.

म्हणून प्रत्येक शाखेने दोन कामे हाती घ्यावीत. आपल्या जुन्या ड्रायव्हर, फायरमन, बॉयलरमेकर आणि सॉर्टर साथींना बोलावून त्यांचे काम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आणि प्रशासनाकडे मागणी करावी की नवे तंत्र आणताना अनुभवी कामगाराला शिकवणारा म्हणून नेमा, फाजील म्हणून मोजू नका.

फूटप्लेटवरच्या साथींना एकच सांगणे. गाडी उशिरा पोचली तर खुलासा देता येतो. सुरक्षेची यंत्रणा तोडायला कोणी तोंडी सांगितले, तर लेखी मागा. ते देणार नाहीत, आणि आपण कॉकला हात लावायचा नाही.