वजा वजा अधिक का?

गतवर्षी सरकारी कामानिमित्त काशीस जाण्याचा योग आला. पंचगंगा घाटाजवळ, मंगला गौरीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, माझी मावसबहीण राहते. महाराष्ट्रातून पिढ्यान् पिढ्यांपूर्वी काशीस गेलेल्या कुटुंबांची ही जुनी वस्ती. संध्याकाळी तिचा मुलगा वही घेऊन माझ्यापुढे बसला. समीकरण साधेच होते: ३(क्ष − २) − २(क्ष − ५) = ९. त्याचे उत्तर आले होते २५. पुस्तकात होते ५.

चूक मला तत्काळ दिसली. दुसरा कंस सोडविताना त्याने −१० लिहिले होते. हवे होते +१०.

“अरे, वजा वजा अधिक, असा नियमच आहे,” मी म्हणालो.

“पण मामा, का?”

कारणे न देता आलेली टिपणे परत पाठविण्यात माझी वीस वर्षे गेली. पण या ‘का’चे उत्तर मजपाशी नव्हते. “नुसते पाठच करायचे, तर मला गणित नको,” असे म्हणून त्याने वही मिटली.

रात्री झोप येईना. तेव्हा कृष्ण दैवज्ञ आठवले. विदर्भातून काशीस आलेल्या घराण्यातले हे ज्योतिषी. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर त्यांनी १६००च्या सुमारास ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली आणि प्रत्येक नियमाची उपपत्ती, म्हणजे तो खरा का, हे सांगितले. ऋण म्हणजे उलट दिशा, असे ते समजावतात. आणि उदाहरण घेतात ते काशीचेच.

सकाळी मुलाला घाटावर नेऊन गंगेकडे तोंड करून उभे केले. “समोर पूर्व. कृष्ण दैवज्ञांच्या हिशेबाने तिकडे पाटणा १५ योजने; ते धन. पाठीमागे प्रयाग ८ योजने, ते ऋण. प्रयागाहून पाटण्याचे अंतर किती? १५ तून ८ काढून ७?”

“छे! ८ योजने चालून काशी, पुढे आणखी १५. म्हणजे २३.”

“मग १५ मधून ऋण ८ वजा केले, तेव्हा काय झाले?”

तो क्षणभर थांबला. “८ मिळवले गेले!”

घरी येऊन त्याने वही उघडली. पहिल्या कंसाचे ३क्ष − ६. दुसऱ्याची दुप्पट २क्ष − १०. ती वजा करायची, म्हणून २क्ष गेले आणि १० मिळाले. क्ष + ४ = ९; क्ष = ५. पडताळा त्याने आपण होऊन घेतला: ३ × ३ − २ × ० = ९. जुने २५ घालून पाहिले, तर २९ आले!

पायऱ्या लिहा, त्यांना गुण असतात, असे आपण मुलांना सांगतो. वस्तुतः प्रत्येक पायरी हे एकेका ‘का’चे उत्तर असते. ते ठाऊक नसेल, तर तसे कबूल करून मुलाबरोबर शोधावयास बसावे. तीस वर्षे पाठ असलेला नियम मला त्या सकाळी समजला, तो भाच्यामुळे.