गाडी झटके खाते तेव्हा

जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला मोटारसायकलवर जाणाऱ्यांना एप्रिल-मेचा फुफाटा ठाऊक आहे. गाडी झटके खायला लागली, पिकअप गेला, की आपण लगेच कार्बोरेटरवर संशय घेतो. माझं सांगणं, आधी एअर फिल्टर बघा. शेतरस्त्याच्या धुळीत तो कंपनीने सांगितलेल्या मुदतीआधीच भरतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही; फार मळला असेल तर बदलायचा.

मग प्लग. इंजिन थंड झाल्यावरच काढा, नाहीतर हेडचे आटे खराब होतात. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. तेलकट काळा प्लग जास्त गंभीर, कारण इंजिन ऑइल जळत असू शकतं. पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. काही अंतर चालून गाडी बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडताच पुन्हा सुरू होते? मग झाकणातलं हवेचं बारीक छिद्र धुळीने बुजलं असणार. टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल खाली येत नाही. उपाय फुकटचा: छिद्र साफ करा.

एप्रिल 2020पासूनच्या बहुतेक बीएस-सहा गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आहे. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा चालू राहिला, तर वायरी न उचकता स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडेच जा.