आजीचे नाव आणि न्यायालयाचा कागद

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना कार्यवाहांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मी निवडलेला विषय दूरदेशीचा आहे. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत अमेरिकेतील गुलामांनी आपल्या आईच्या, आजीच्या किंवा पणजीच्या नावाने न्यायालयात स्वातंत्र्याचे दावे लावले. त्या दाव्यांविषयी आज मला बोलावयाचे आहे.

ग्रंथालयाच्या उत्सवात हा विषय कशासाठी, असे काहींच्या मनात येईल. महाराष्ट्रापासून दूर स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना आपले मूळ गाव कोणते, मूळ पुरुष कोण, हे जाणून घेण्याची ओढ असते. म्हणून वाचनालयातील कुलवृत्तांतांच्या कपाटाला कधी धूळ बसत नाही. त्या ग्रंथांतून वंश पुरुषाकडून मोजलेला असतो. स्त्री तेथे येते ती अमक्याची कन्या किंवा तमक्याची पत्नी म्हणून. आज ज्यांची हकीकत मी सांगणार आहे, त्यांचे सारे भवितव्य वंशावळीतील एका स्त्रीच्या नावावर अवलंबून होते. आणि ती वंशावळ लिहून ठेवण्याचे साधन मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

आरंभ व्हर्जिनियाच्या इंग्रज वसाहतीपासून करू. एलिझाबेथ की ही एका इंग्रज गृहस्थाची, थॉमस की याची, आफ्रिकन दासीच्या पोटी झालेली मुलगी. बापाने तिला ठराविक मुदतीच्या चाकरीवर दुसऱ्याकडे सोपविले होते. मुदत उलटून कित्येक वर्षे गेली, तरी तिची सुटका झाली नाही. पुढे ज्याच्या ताब्यात ती होती तो मालक वारला आणि त्याच्या मालमत्तेत तिची गणना गुलाम म्हणून होऊ लागली. तेव्हा 1655 साली तिने दावा लावला. आपला बाप इंग्रज, आपला बाप्तिस्मा झालेला, आणि चाकरीची मुदत केव्हाच संपलेली, असे तिचे तीन मुद्दे होते. इंग्लंडच्या रूढ कायद्यात मुलाचा दर्जा बापावरून ठरत असे. बरेच चढउतार होऊन 1656 साली ती मुक्त झाली. तिचे काम चालविणाऱ्या विल्यम ग्रिनस्टेडशी तिने विवाह केला.

वसाहतीच्या धुरीणांनी या निकालाचा धडा फार लवकर घेतला. 1662 साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा केला की, इंग्रज पुरुषापासून कृष्णवर्णीय स्त्रीला झालेले मूल दास की स्वतंत्र, हे केवळ आईच्या स्थितीवरून ठरेल. पशूंच्या वासरांची मालकी ज्या जुन्या रोमन सूत्राने ठरे, तेच आता माणसांच्या लेकरांना लागू झाले. 1667 साली आणखी एक कायदा झाला आणि बाप्तिस्म्याने गुलामाची स्थिती बदलत नाही असे ठरले. एलिझाबेथने ज्या वाटांनी सुटका करून घेतली, त्यांतल्या दोन अशा बंद झाल्या. या कायद्याचा परिणाम उघड होता. मालकाने दासीवर केलेल्या बळजोरीतून मूल जन्मले, तर बापावर कसलीही जबाबदारी येत नसे. उलट त्याच्या मालमत्तेत भर पडे. आपले कूळ पुरुषाकडून मोजणाऱ्या समाजाने गुलामांपुरते ते स्त्रीकडून मोजावयास सुरुवात केली, ती स्त्रीच्या सन्मानासाठी नव्हे, हे सांगावयास नकोच.

परंतु कायद्याचे शब्द एकदा लिहिले गेले की ते दोन्ही बाजूंनी वाचता येतात. दासीचे मूल दास, तर स्वतंत्र स्त्रीचे मूल स्वतंत्र. आईची आई, तिची आई, अशी केवळ स्त्रियांची साखळी धरून मागे गेले आणि तिच्या टोकाशी एक स्वतंत्र स्त्री सापडली, तर मधल्या साऱ्या पिढ्यांना अन्यायाने डांबले होते असे ठरत असे. ती स्त्री युरोपातून आलेली असो, तेथील मूळ रहिवासी जमातीची असो, वा स्वतंत्र म्हणून आलेली कृष्णवर्णीय असो. म्हणून गुलामांच्या झोपड्यांतून एखाद्या पणजीचे नाव, ती कोणत्या जहाजातून आली, कोणाकडे राहिली, या गोष्टी आई मुलीला सांगत राहिली.

मेरीलँडमधील नेल बटलरची कथा अशीच टिकून राहिली. नेल ही आयरिश चाकर, वसाहतीचे धनी लॉर्ड बाल्टिमोर यांच्या पदरी होती. 1681 साली तिने चार्ल्स नावाच्या गुलामाशी लग्न केले. त्या वेळी तेथे 1664 चा कायदा होता. गोऱ्या स्वतंत्र स्त्रीने गुलामाशी लग्न केल्यास नवरा जिवंत असेपर्यंत तिने त्याच्या मालकाची चाकरी करावी आणि तिची मुले गुलाम व्हावीत, असा तो होता. लॉर्ड बाल्टिमोर यांनी तिला याची जाणीव करून दिली, तरी तिने आपला निश्चय सोडला नाही, असे पुढे म्हाताऱ्या साक्षीदारांनी शपथेवर सांगितले. त्याच वर्षी तो कायदा बदलला, परंतु नेलचा वंश गुलामगिरीतच राहिला.

तिचे वंशज विल्यम आणि मेरी बटलर यांनी पुढे दावा लावला. खालच्या न्यायालयात ते जिंकले आणि 1771 साली अपिलात हरले. मग त्यांच्या मुलीने, तिचेही नाव मेरीच, पुन्हा न्यायालय गाठले. या वेळी मुद्दा निराळा होता. नेलने कायदा मोडला असे म्हणता, तर कोणत्या न्यायालयाने तिला दोषी ठरविले? त्याची नोंद दाखवा. अशी नोंद दप्तरात नव्हती. 1787 साली न्यायालयाने मेरीला स्वतंत्र ठरविले आणि 1791 साली अपिलातही तो निर्णय कायम झाला. आईबाप जेथे हरले तेथे लेक जिंकली, ती नसलेल्या कागदाचा भार या खेपेस मालकावर पडला म्हणून.

हा भार कोणावर पडावा, या एका प्रश्नावर पुढे शेकडो आयुष्ये तोलली गेली. 1806 साली व्हर्जिनियात जॅकी राइट आणि तिच्या कुटुंबाचा दावा निघाला. त्यांची पूर्वज स्त्री मूळ अमेरिकन जमातीची होती. न्यायमूर्ती जॉर्ज विथ यांनी त्यांना मुक्त केले, आणि स्वातंत्र्य हा मनुष्यमात्राचा जन्मसिद्ध हक्क आहे, तेव्हा ते नाकारणाऱ्यानेच पुरावा द्यावा, असे तत्त्व सांगितले. अपिलात कुटुंबाचे स्वातंत्र्य कायम राहिले. तत्त्व मात्र राहिले नाही. जो दिसण्यात गोरा किंवा मूळ अमेरिकन, त्याला स्वतंत्र मानावे आणि पुरावा मालकाने आणावा. जो दिसण्यात आफ्रिकन, त्याला गुलाम मानावे आणि पुरावा त्याने आणावा, असा नियम वरिष्ठ न्यायालयाने घालून दिला. पुराव्याचा भार माणसाच्या कातडीवरून वाटला गेला.

आता क्वीन घराण्याकडे वळू. मेरीलँडमधील या घराण्याचे म्हणणे असे की, आपली पूर्वज मेरी क्वीन ही स्वतंत्र स्त्री होती. एडवर्ड क्वीन याने जेझुइट पाद्री जॉन अ‍ॅश्टन यांच्याविरुद्ध दावा लावला. मेरीला प्रत्यक्ष पाहिलेले साक्षीदार आता कोठून मिळणार? वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले सांगणारे वृद्ध तेवढे उरले होते. मेरीलँडच्या न्यायालयात अशा साक्षी घेण्याचा प्रघात होता. 1794 साली एडवर्ड जिंकला.

त्याच घराण्यातील मीमा क्वीन आणि तिची मुलगी लुइसा या राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलाम होत्या. त्यांनीही त्याच पूर्वज स्त्रीच्या नावाने दावा लावला. त्यांचे वकील फ्रान्सिस स्कॉट की हे होते. पुढे अमेरिकेचे राष्ट्रगीत झालेली कविता लिहिणारे तेच हे गृहस्थ. आणि ते स्वतः गुलामांचे मालकही होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1813 साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की, कोण कोणाच्या पोटी जन्मले हे ऐकीव साक्षीने सिद्ध करता येईल, परंतु पूर्वज स्त्री स्वतंत्र होती ही गोष्ट तशा साक्षीने सिद्ध करता येणार नाही. साक्षीदार मरण पावले म्हणून ऐकीव गोष्टी ग्राह्य धरल्या, तर कोणाचीही मालमत्ता सुरक्षित राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. एडवर्डला ज्या आजीच्या आठवणीने सोडविले, तिच्याच आठवणीने मीमाला आणि लुइसाला सोडविले नाही.

एकट्या न्यायमूर्ती गॅब्रिएल ड्युव्हॉल यांनी आपले भिन्न मत नोंदविले. वकिलीच्या काळात मेरीलँडमध्ये त्यांनी असे दावे चालविले होते. काळाच्या ओघात जिवंत साक्षीदार उरत नाहीत. मग जुन्या हक्काचा पुरावा येणार कोठून, आणि जमिनीच्या हद्दीसाठी जो ऐकीव पुरावा चालतो तो माणसाच्या स्वातंत्र्यासाठी का चालू नये, असा त्यांच्या मताचा आशय होता. हे ड्युव्हॉलही गुलाम बाळगून होते. त्या काळच्या सद्सद्विवेकाची मर्यादा या एका गोष्टीत दिसते.

मर्यादा या दाव्यांचीही होती, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे दावे गुलामगिरीच्या मुळावर घाव घालीत नव्हते. माझी आजी स्वतंत्र होती म्हणून मला सोडा, या युक्तिवादात ज्यांच्या साऱ्या आज्या गुलाम होत्या त्यांना काहीच आधार नव्हता. आणि तेच बहुसंख्य होते. तरीही दारोदार फिरून साक्षीदार गोळा करणे, आणि ज्याच्या ताब्यात आपली मुले आहेत त्यालाच न्यायालयात खेचणे, याला लागणारे धैर्य कमी लेखता येत नाही.

शेवटची हकीकत मिसूरीतील सेंट लुईस शहराची. इलिनॉय या मुक्त राज्यात पूर्वी राहिल्याच्या आधारावर पॉली नावाच्या स्त्रीने 1843 साली आपले स्वातंत्र्य मिळविले. तिची मुलगी लूसी त्या वास्तव्यानंतर जन्मली होती. जन्मसमयी आई कायद्याने स्वतंत्र, म्हणून मूलही स्वतंत्र, असा मुलीच्या वतीने आईने दावा केला. तो चालू असताना लूसीला सतरा महिने तुरुंगात ठेवले होते. एडवर्ड बेट्स यांनी तिचे काम चालविले आणि 1844 साली ती सुटली. बेट्स पुढे अध्यक्ष लिंकन यांचे महान्यायवादी झाले. लूसी डिलेनी या नावाने तिने 1891 साली आपले आत्मवृत्त प्रसिद्ध केले. जिच्या आईचे नाव न्यायालयाच्या दप्तरात एक पक्षकार म्हणून राहिले असते, तिने ते स्वतःच्या हाताने ग्रंथात नेले.

सेंट लुईसच्या न्यायालयातील अशा तीनशेहून अधिक दाव्यांचे कागद दीर्घकाळ जुन्या गठ्ठ्यांत पडून होते. 1990 नंतरच्या दशकात ते उजेडात आले, नीट लावले गेले, आणि आज कोणालाही वाचावयास मिळतात. मोडी दप्तरांच्या रुमालांत बांधून ठेवलेले कागद ज्यांनी सोडून पाहिले आहेत, त्यांना या कामाचे मोल मी सांगण्याची आवश्यकता नाही.

बंधुभगिनींनो, कागद जपणे हे आपल्या वाचनालयाने शंभर वर्षे केलेले काम आहे. ज्यांचे कागद झालेच नाहीत त्यांच्याविषयी आपण काय मानतो, हा प्रश्न मीमा क्वीनच्या निकालाने आपल्यापुढेही ठेवला आहे. दप्तरात नोंद नाही म्हणून ती गोष्ट घडलीच नाही, असे म्हणणे सोपे असते. आणि त्या सोपेपणाची किंमत नेहमी दुबळ्यालाच मोजावी लागते. आपल्या कपाटातील कुलवृत्तांतांची नवी आवृत्ती जेव्हा निघेल, तेव्हा आपल्या आजीचे, पणजीचे माहेरचे नाव आणि तिच्याविषयी घरात सांगितली जाणारी हकीकत कोणी लिहून पाठविली, तर आजच्या या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.