उद्यांचा व्यायाम

चाळिशी उलटलेल्या गृहस्थाचें पोट सुटूं लागलें कीं व्यायामाचा संकल्प ठरलेलाच, आणि मुहूर्तहि ठरलेला: येता सोमवार, नाहींतर पाडवा! नवे बूट येतात आणि कोनाड्यांत धूळ खात पडतात. या दिरंगाईचें मोल पुढें रक्तदाब व मधुमेह वसूल करतात. अशा गृहस्थास आळशी म्हणण्याची रीत आहे. ती अन्यायाची आहे. कचेरीचें काम तो वेळेवर करतो. त्याची अडचण निराळीच. व्यायाम म्हणजे पुरा तास, अशी त्याची समजूत. आणि पुरा तास त्यास कधींच सांपडत नाहीं.

वस्तुतः ही अट कोणीं घातलेलीच नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांकरितां आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रम सांगितले, आणि एका वेळीं दहा मिनिटें तरी हवींत हा जुना दंडकहि काढून टाकला. जिना चढणेंहि जमेस धरतां येतें.

राहिला प्रश्न स्मरणाचा. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १९९९ सालच्या एका लेखांत दाखविलें कीं, नुसत्या ‘करीन’पेक्षां ‘अमुक झालें कीं अमुक करीन’ हा निश्चय अधिक तडीस जातो. मराठी घरास हें नवें नाहीं. तुळशीला पाणी घालणें स्नानास जोडलेलें असतें, म्हणून तें उद्यांवर पडत नाहीं. विजेचें बिल हातीं येतांच भरावें, पत्राचें उत्तर जेवणापूर्वीं लिहावें. चहाचें आधण उकळेपर्यंत पांच-सहा सूर्यनमस्कार सहज होतात. गुडघे कुरकुरत असल्यास ओसरीवर फेऱ्या घालाव्या.