मागचं काढा, पण मूळ जपा

(जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरी येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'फोटोची पार्श्वभूमी काढणे' असं छापलंय. ते वाचून सकाळी चहाच्या वेळी एकीनं मला विचारलं, "ताई, हे तर स्टुडिओवाल्याचं काम. आपल्या शिबिरात कशाला?" प्रश्न रास्त आहे. एम.एस.डब्ल्यू. करताना मलाही हे कुणी शिकवलं नव्हतं. एका बाईमुळे शिकले आणि शिकताना एक चूक करून बसले. ती चूकच आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आपण ज्या डोंगरावर बसलोय, तिथलाच तो फोटो. आपल्याकडे पुष्कळ घरांत नवं जोडपं लग्नानंतर जोतिबाला आणतात. गुलाल-खोबरं उधळतात, 'चांगभलं' म्हणतात आणि देवळासमोर फोटो काढतात. त्या बाईचं नाव मी सांगणार नाही, अक्का म्हणू या. नवऱ्यानं तिला टाकून दुसरी केली होती. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायचा होता. अर्जाला फोटो हवा म्हणून मी तिला कार्यालयातल्या भिंतीपाशी उभी केली आणि फोटो काढला. तो बघून ती गप्प झाली. मग स्वतःच्या मोबाईलमधला इथला जुना फोटो पुढे करून म्हणाली, "अर्जाला ह्यो राहू दे. पर घरात लावायला मला ह्यातली मी पायजे. ह्यात मी हसतीया. त्याला तेवढा काढून टाका."

मला हे फार पटलं. तिला नवरा नको होता, पण आपलं हसू हवं होतं. ते हसू तिचंच होतं की!

आता काम कसं केलं ते सांगते, कारण ते आपल्याला यायला हवं. फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आलं. जिंप नावाचं तसंच एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आमच्या संगणकावर तेच आहे. त्यात एका रंगाचा पट्टा एका टिचकीत निवडणारं हत्यार असतं. मागे कोरी भिंत असली की ते झकास चालतं. इथं मात्र मागे गुलाल, जमिनीवर गुलाल, केसांत गुलाल, पदरावर गुलाल! संगणकाला साडी कुठं संपते आणि डोंगर कुठं सुरू होतो हेच कळेना. मग दुसरी रीत. कडेकडेनं ठिपके देत जायचं, आपण कापडावर खडूनं खुणा करतो तसं, आणि ती रेघ पूर्ण झाली की बाहेरचं झाकून टाकायचं. ह्या झाकण्याला 'मास्क' म्हणतात. त्यात मागचं पुसलं जात नाही, नुसतं लपतं. झाकण काढलं की पुन्हा दिसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हल्ली मोबाईलवर एका बोटात हे होतं. हजारो फोटो दाखवून शिकवलेला प्रोग्रॅम माणूस कुठला आणि मागचं कुठलं याचा अंदाज बांधतो. पण तो अंदाजच. कधी सुटे केस खातो, कधी पदराचं टोक, कधी बांगड्या. आणि मागचं मोकळं ठेवायचं असेल तर फोटो पीएनजीमध्ये साठवायचा, जेपीजीत ती मोकळी जागा राहत नाही, ती पांढऱ्या किंवा दुसऱ्या कुठल्या रंगानं भरून येते.

तर नवरा गेला, देऊळ गेलं, गर्दी गेली. अक्का एकटी राहिली. पण तिच्या खांद्यावर चार बोटं तशीच उरली होती. त्याचा हात होता तिथं. ती बोटं साडीच्याच रंगानं भरून काढायला मला दुपार लागली. अक्कानं फोटो बघितला, डोळे पुसले आणि म्हणाली, "आता पहिला बी पुसा. मोबाईल उघडला की तोच समोर येतोय." मी तिच्या मोबाईलमधला फोटो पुसला. कार्यालयातला मी मास्क न ठेवताच जुन्यावर साठवला होता. मला वाटलं, एक चांगलं काम झालं.

काही महिन्यांनी पोटगीचा दावा लागला. नवऱ्यानं सांगितलं, "हिच्याशी माझं लग्नच झालेलं नाही." लग्नाची नोंदणी केलेली नव्हती. पत्रिका नव्हती. भटजी वारले होते. वकीलबाईंनी मला फोन केला, "लग्नानंतरचा दोघांचा एखादा फोटो आहे का? देवदर्शनाचा वगैरे?"

मैत्रिणींनो, माझ्या हातातला फोन जड झाला. होता ना! बाशिंगाची खूण अजून कपाळावर, हातात हिरवा चुडा, मागे जोतिबाचं देऊळ, खांद्यावर नवऱ्याचा हात. जे जे मी निरुपयोगी म्हणून काढलं, तोच तिचा पुरावा होता.

पोटगीसाठी फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं, की पहिलं लग्न लपवून दुसरीशी लग्न करणाऱ्याला त्या फसवल्या गेलेल्या बाईची पोटगी नाकारता येणार नाही. कायदा थोडा आपल्या बाजूला झुकलेला आहे. पण एकत्र राहिल्याचं, समाजात नवराबायको म्हणून वावरल्याचं काहीतरी दाखवावं लागतंच.

आम्ही तिच्या माहेरी गेलो. भाच्याच्या जुन्या मोबाईलमध्ये त्याच दिवसाचा एक फोटो सापडला. हललेला, नवऱ्याचा अर्धाच चेहरा असलेला. तो दिला आहे. निकाल अजून लागायचा आहे. अक्का मला एका शब्दानं बोलली नाही. पण मी सुशिक्षित, मी कार्यकर्ती. तिला कल्पना नव्हती, मला असायला हवी होती.

म्हणून आता आमच्या कार्यालयात तीन रिवाज आहेत. पहिला, मूळ फोटोला हात लावायचा नाही, प्रत काढून प्रतीवरच काम करायचं. दुसरा, मूळ फोटो बाईच्या डोळ्यांपुढे नको असेल तर तिच्या संमतीनं दुसरीकडे जपून ठेवायचा, तारीख घालून. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि कधी काढला याची आतली नोंदही गळते, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवायचा. तिसरा, ज्या मोबाईलनं फोटो काढला तो मोडीत काढण्याआधी वकिलांना विचारायचं. मोबाईलमधल्या फोटोची प्रत कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

इथं बसलेल्या तरुण मुलींना आणखी एक सांगायचंय. मागचं काढायची हीच विद्या वापरून कुणी तुमचा चेहरा भलत्याच चित्रावर चिकटवतो. तेव्हा पहिली ऊर्मी येते ती सगळं पुसून टाकण्याची, घरच्यांना कळायच्या आत. पुसू नका. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, नंबर ठेवा आणि मग तक्रार करा. अश्लील मजकूर पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. २०२१ च्या नियमांनी तर अशी बनावट चित्रं बाईच्या तक्रारीनंतर ठरावीक मुदतीत काढून टाकण्याची जबाबदारी कंपन्यांवर घातली. लाज त्यानं बाळगावी, तुम्ही नव्हे.

कोल्हापूर हे पडदे रंगवणाऱ्यांचं गाव. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगवले. माणसामागे काय दिसतं यावर माणूस कोण ठरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाईच्या मागचा पडदा आजवर दुसरेच बदलत आले. तो आता तिनं स्वतः बदलावा, जरूर बदलावा. अक्काचा तो एकटीचा फोटो तिच्या घरी चौकटीत लावलाय आणि ती त्यात छान हसते आहे. पण पडदा बदलताना जुना फाडू नका. घडी घालून पेटीत ठेवा. कधी कोण म्हणेल 'असं काही झालंच नव्हतं', सांगता येत नाही.