थेंब पडतो तिथे भोक नसतं

(दहावी १९८९ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, "तू तिकडे नेमकं करतोस काय, ते एकदा नीट सांग." आपल्या ग्रुपवर मी बोटींचे फोटो टाकतो, त्यामुळे काहींचा समज आहे की मी बोटी चालवतो, तर काहींना वाटतं की मी बोटी विकतो. दोन्ही खरं नाही. मी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. दहावीनंतर आयटीआय, मग मिरकरवाड्याला ट्रॉलरच्या इंजिनांवर सहा वर्षं, मग आखात, आणि आता तिथे. हात तेव्हाही काळे होते, आताही काळेच आहेत.

माझ्याकडे येणाऱ्या बोटींपैकी बऱ्याच जेट बोटी असतात. ही बोट आपल्याकडे फारशी दिसत नाही, म्हणून आधी तिच्याविषयी सांगतो. क्राइस्टचर्च ज्या कँटरबरी प्रांतात आहे, तिथल्या वाइमाकारीरी, राकाइया या नद्या डोंगरातून उतरल्या की रुंद गोट्यांच्या पात्रात पसरतात. एक प्रवाह नसतोच. दहा-बारा फाटे फुटतात, पुन्हा मिळतात, एखाद्या वेणीसारखे. पाणी कुठे कमरेइतकं, तर कुठे घोट्याइतकं. अशा ठिकाणी पंखा लावलेली बोट नेली तर पहिल्याच खडकावर पंखा मोडतो.

यावर उपाय काढला तो बिल हॅमिल्टन या मेंढपाळ शेतकऱ्यानं. आयरिशमन क्रीक या आपल्या कुरणावरच त्याचं वर्कशॉप होतं. बोटीच्या तळातून पाणी ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं, ही कल्पना त्याच्या आधीची होती. पण १९५० च्या दशकात त्यानं पाणी फेकणारं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर आणलं, आणि बोट खऱ्या अर्थानं धावायला लागली. १९६० मध्ये त्याच्या बोटी अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाच्या उलट दिशेनं वर गेल्या. आणि आपल्या देशाशीही या बोटींचा संबंध आहे. १९७७ मध्ये एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन बंगालच्या उपसागरापासून गंगेतून वर निघाले आणि नंदप्रयागपर्यंत पोचले. तिथे धबधब्यानं वाट अडवली.

न्यूटनचा तिसरा नियम पाठ करून आपण दोन मार्क मिळवले होते. ही बोट त्याच नियमावर चालते. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. जेट बोटीला सुकाणू नसतं. मागून पाणी फेकणारं तोंड डावी-उजवीकडे वळवायचं, म्हणजे बोट वळते. इंजिन बंद पडलं की पाणी फेकणं बंद, आणि पाणी फेकणं बंद म्हणजे वळणंही बंद. ताशी साठ-सत्तर किलोमीटरनं खडकांमधून जाताना इंजिन थांबलं, तर तुम्ही त्या बोटीतलं सामान असता, चालक नव्हे.

आता ती एक बोट. एका शेतकऱ्याची. पाच-साडेपाच मीटर लांब, ॲल्युमिनियमची, आत व्ही-आठ पेट्रोल इंजिन. सुट्टीच्या दिवशी तो बायको आणि दोन मुलांना घेऊन नदीवर जायचा. तक्रार अशी होती की प्रत्येक फेरीनंतर ऑइलची पट्टी काढली की ऑइल दुधाळ, आपल्या चहासारखं, आणि पातळी वर चढलेली. म्हणजे इंजिनच्या ऑइलमध्ये पाणी जात होतं. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. असं चालवत राहिलं तर एक दिवस इंजिन जॅम होणार, आणि तो दिवस कुठे येईल हे आपल्या हातात नसतं.

एका वर्कशॉपनं त्याला सांगितलं होतं की हिवाळ्यात ब्लॉकमध्ये पाणी राहून गोठलं असेल, ब्लॉकला तडा गेला आहे, नवीन इंजिन बसवा. हे अशक्य मुळीच नव्हतं. पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी वाढतं आणि बिडाचा ब्लॉकही फुटतो. पण नव्या इंजिनाचा खर्च आपल्या पैशात कित्येक लाख. शेतकरी बोट विकायला निघाला होता. विकण्याआधी एकदा बघा, म्हणून माझ्याकडे आला.

कोकणातल्या माणसाला गळती शोधणं शिकवावं लागत नाही. पावसाळ्याआधी घर शाकारताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. कौल फुटलेलं असतं देवघरावर आणि थेंब पडतो माजघरात. पाणी रीप धरतं, वाशावरून सरकत येतं आणि त्याला सोयीचं असेल तिथे खाली सोडतं. थेंबाखाली पातेलं ठेवता येतं, पण कौल मात्र वर चढूनच शोधावं लागतं. इंजिनातही तसंच. ऑइलमध्ये पाणी दिसतं ते खाली चेंबरमध्ये. ते वरून कुठून आलं, हे चेंबर सांगत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे वाटा मोजणं. जेट बोटीच्या इंजिनाला थंड करणारं पाणी जेटच्याच पंपातून एका नळीनं येतं, म्हणजे नदीचंच पाणी. ते ऑइल कूलरमधून, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून, ब्लॉक आणि हेडमधून फिरून बाहेर जातं. या प्रत्येक ठिकाणी पाणी आणि ऑइल यांच्यामध्ये एकच भिंत किंवा एकच गॅस्केट असतं. मी कागदावर पाच नावं लिहिली. हेड गॅस्केट, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, ऑइल कूलर, वरच्या इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, आणि ब्लॉकचा तडा.

मग एकेक नाव खोडायला सुरुवात केली. आठही प्लग काढले. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी जात असेल तर त्याचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. आठही सारखेच, सुकी राखाडी छटा असलेले. कम्प्रेशन मोजलं, आठही जवळपास सारखं. म्हणजे पाणी सिलिंडरमधून येत नव्हतं. हेड गॅस्केट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यावरचा संशय बराच कमी झाला.

ऑइल कूलरची गंमत वेगळी. चालू इंजिनात ऑइलचा दाब सहसा पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असतो. कूलर फुटला तर ऑइल पाण्यात जाईल, नदीवर तवंग दिसेल आणि पट्टीवरची पातळी उतरेल. इथे पातळी चढत होती. तरीही कूलर सोडवला, एक तोंड बंद करून हवा भरली आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा बादलीत बुडवला. एकही बुडबुडा नाही. खोडला.

राहिली दोन नावं. इंजिनला नळाचं पाणी जोडून तासभर चालवलं. ऑइल स्वच्छ. सगळी तोंडं बंद करून ब्लॉकमध्ये १५ पौंड दाब भरला, कारण गाडीच्या रेडिएटरला साधारण तेवढाच असतो. अर्धा तास काटा हलला नाही. शेतकरी म्हणाला, "मग इंजिन चांगलं आहे ना?" मी म्हणालो, "१५ पौंडांवर चांगलं आहे. नदीवर किती असतात, ते मला अजून माहीत नाही."

इथे मला आपल्या विज्ञानाच्या बाई आठवतात. बाईंनी डालडाच्या डब्याला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोकं पाडली होती आणि पाणी भरून वर्गाच्या दारात ठेवला होता. वरची धार जवळ पडली, खालची लांब. पहिल्या बाकावरच्यांचे पाय भिजले. पाणी तेच, डबा तोच, भोकंही एकाच खिळ्यानं पाडलेली. फरक फक्त दाबाचा. भोकातून किती पाणी येईल हे नुसतं भोक ठरवत नाही, मागचा दाबही ठरवतो.

वर्कशॉपमध्ये नळाचं पाणी इंजिनातून मोकळं वाहून जातं, आत दाब साचत नाही. पण नदीवर पाणी पुरवतो तो जेटचा पंप, आणि पंपाचा हिशेब असा की फेरे दुप्पट केले तर दाब साधारण चौपट होतो. म्हणून मी पाण्याच्या नळीवर दाबाचा गेज बसवला, नवीन ऑइल भरलं आणि आम्ही वाइमाकारीरीवर गेलो. तो चालवत होता, मी वही घेऊन गेजसमोर. मिनिटाला १००० फेरे, काटा जेमतेम हललेला. २००० ला १० पौंड. ४००० ला ४० पौंड. परत आलो, पट्टी काढली, तर चहा.

आता वर्कशॉपमध्ये नदी आणायची होती. ऑइल काढलं, चेंबरचा बोल्ट उघडा ठेवला, खाली कोरा पुठ्ठा अंथरला. ब्लॉक पाण्यानं भरून हातपंपानं दाब ४० पौंडांवर नेला. व्ही-आठ इंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मध्ये एक दरी असते आणि तिच्यावर इनटेक मॅनिफोल्ड झाकणासारखा बसतो. डिस्ट्रिब्युटर काढला की तिथल्या भोकातून त्या दरीत बारीक कॅमेरा घालता येतो. काटा ३९ वर आला, मग ३८ वर. पुठ्ठ्यावर पहिला थेंब पडला. आणि कॅमेऱ्यात दिसलं की मॅनिफोल्डच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या वाटेभोवतीच्या गॅस्केटखालून एक मणी फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता. ब्लॉक शाबूत होता.

मॅनिफोल्ड उचलला. त्या कोपऱ्यात ॲल्युमिनियम पाण्यानं खाल्लं होतं, छोटे खड्डे पडले होते. १५ पौंडांना गॅस्केट पुरत होतं, ४० ला नाही.

इथे थांबता आलं असतं. गॅस्केट बदलायचं आणि बिल द्यायचं. पण ४० पौंड हा आकडा मला पटत नव्हता. अशा इंजिनाला एवढा दाब का मिळावा? मी शेतकऱ्याला विचारलं, या नळीचं काम कधी झालं होतं का? तो थोडा वेळ विचार करत राहिला, मग गाडीतून हत्यारांची पेटी घेऊन आला आणि तळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत पितळेची एक चकती, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, मध्ये बारीक भोक. आदल्या हंगामात इंजिन तापत होतं. नळीत वाळू अडकली होती. दुरुस्त करणाऱ्यानं वाळू काढली आणि वाळू या भोकापाशीच अडते म्हणून ही चकतीही काढून पिशवीत घालून त्याच्या हातात दिली. इंजिन आधीपेक्षा थंड चालायला लागलं. सगळे खूश.

ती चकती कचरा नव्हती. जेटचं जोरातलं पाणी त्या बारीक भोकातून आत येतं आणि पुढे मोठ्या वाटेनं बाहेर पडतं, म्हणून इंजिनच्या आत दाब कमी राहतो. चकती काढल्यावर पंपाचा जोर थेट गॅस्केटवर आला.

मॅनिफोल्डचा तळ घासून सपाट केला, नवीन गॅस्केट बसवलं. नवी चकती बनवली आणि तिच्या आधी वाळू अडवायला साफ करता येईल अशी जाळी लावली. बेअरिंग उघडून पाहिली, ती वाचली होती. ऑइल दोनदा भरून काढलं, मग तिसरं भरलं. दाबाचा गेज तसाच डॅशबोर्डवर ठेवला. पुढच्या फेरीत ४००० फेऱ्यांना काटा ११ वर होता. चार फेऱ्यांनंतरही ऑइल मधासारखं स्वच्छ होतं. नव्या इंजिनाच्या खर्चाच्या मानानं बिल अगदी किरकोळ झालं. बोट विकली नाही. मागच्या उन्हाळ्यात त्याची मोठी मुलगी ती चालवायला शिकली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी डॉक्टर आहे, कुणी बँकेत, कुणी आंब्याच्या बागा सांभाळतं. तुमच्या कामातला बिघाडही बहुतेक वेळा तुमच्या टेबलावर दिसत नसेल. तो त्याच्या जागी, त्याच्या दाबाखालीच दिसत असेल. तिथे जाऊन बघावं लागतं. आणि गळती सापडली, तरी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, की इतकी वर्षं न गळणारं आताच का गळलं? मला हे मोठ्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही, कारण मी तिथे गेलोच नाही. जे शिकलो ते या इमारतीत, एका डब्यातून उडालेल्या तीन धारांमधून.

शेतकऱ्यानं ती जुनी चकती मला आठवण म्हणून दिली. ती मी बरोबर आणली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत आज जे सर शिकवतात, त्यांच्याकडे ती द्यायची माझी इच्छा आहे. दाबाचा धडा आला की मुलांच्या हातात द्या आणि त्यांना विचारा, हे कशासाठी असेल? लगेच उत्तर मात्र सांगू नका.

बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, तुम्हाला नमस्कार.