किल्ली कोणाकडे, रिचार्ज कोणाचा?

(महाड-पोलादपूर भागातल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



फळ्यावर ‘लिनक्स, किल्ली आणि मोबाईलचं नेट’ असा विषय लिहिला तेव्हा मागच्या दोघी-तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. पोटगी, रेशन, दारूबंदी सोडून हे काय नवीन काढलंय, असा तो हसण्याचा अर्थ. शंका रास्त आहे, म्हणून आधी तिचंच उत्तर देते.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तेव्हा आपल्याकडे आलेल्या बाईची फाईल पत्र्याच्या कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली कार्यकर्तीच्या कमरेला. आज तिचा जबाब, अंगावरच्या वळांचे फोटो, डॉक्टरचा दाखला, नवऱ्याच्या धमक्यांचं रेकॉर्डिंग, ती सध्या कोणाकडे राहते तो पत्ता, हे सगळं गटाच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. कपाट बदललं. किल्ली कोणाकडे आहे, हे विचारायचं मात्र आपण सोडून दिलं.

आपल्यासारख्या बऱ्याच गटांकडे कॉम्प्युटर म्हणजे कोणीतरी दिलेलं जुनं मशीन. नवं विंडोज त्याला पेलत नाही, म्हणून त्यावर लिनक्स टाकलेलं असतं. लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. पुढे जगभरच्या लोकांनी तो वाढवला. परवान्याचे पैसे नाहीत, आतलं काय कसं चालतं ते कोणालाही तपासता येतं. मला ते आवडतं. पण ‘लिनक्स आहे म्हणजे सुरक्षित आहे’ असं जे सांगितलं जातं, ते मला पटत नाही. कुलूप चांगलं असलं तरी ते लावावं लागतं.

लिनक्समध्ये पूर्ण डिस्कला लावायच्या कुलपाला लक्स म्हणतात. मशीनवर लिनक्स टाकतानाच ‘डिस्क एन्क्रिप्ट करायची का’ असं विचारलं जातं. तिथे हो म्हणायचं. मग डिस्कवरचा मजकूर अशा रूपात राहतो, की मशीन चोरीला गेलं, दिराने उचलून नेलं, दुरुस्तीच्या दुकानात डिस्क काढून दुसरीकडे लावली, तरी किल्लीशिवाय त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. खरी किल्ली मशीन स्वतःच तयार करतं. ती लांबलचक आकड्यांची असते, आपण ती कधी बघतही नाही. आपण टाकतो तो परवलीचा शब्द म्हणजे ज्या डबीत ती किल्ली ठेवली आहे, त्या डबीचं झाकण.

या डबीला एकापेक्षा जास्त झाकणं लावता येतात. लक्सच्या नव्या पद्धतीत ३२ पर्यंत. एकच परवलीचा शब्द चौघींना माहीत असण्यापेक्षा चौघींचे चार शब्द ठेवावेत, प्रत्येकीचा तिचा तिलाच ठाऊक. एखादी काम सोडून गेली की तिचं झाकण काढून टाकायचं, बाकीच्यांना काही बदलावं लागत नाही. शब्द म्हणजे पाच-सहा असंबद्ध शब्दांची माळ असावी. मुलाचं नाव, लग्नाची तारीख नको, ती नवऱ्याला माहीत असते. अभंगाची, ओवीची ओळही नको, ती तर सगळ्या गावाला पाठ असते. शब्द मराठी असू द्या, पण रोमन अक्षरांत टाका, कारण मशीन सुरू होताना देवनागरी कळफलक मिळेलच असं नाही.

आणखी एक. हे कुलूप मशीन पूर्ण बंद असतानाच लागलेलं असतं. नुसतं झाकण मिटून लॅपटॉप झोपवला तर किल्ली त्याच्या स्मृतीतच असते. म्हणून घरी जाताना मशीन बंद करायचं, पडदा मिटून भागत नाही. आणि चालू मशीनमध्ये कोणी ईमेलमधून शिरलं तर डिस्कचं कुलूप कामाला येत नाही. भीमा-कोरेगाव खटल्यात बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी केली. नेटवायर नावाच्या घातक प्रोग्रॅममधून कोणीतरी बाहेरून त्यात कागदपत्रं घुसवली, असा तिचा अहवाल २०२१ मध्ये पुढे आला. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. पण कार्यकर्त्यांनी त्यातून एवढं तरी घ्यावं, की मशीन ताजं ठेवणं आणि अनोळखी जोडपत्र न उघडणं हेही किल्ली सांभाळण्याचंच काम आहे.

मशीन ताजं ठेवायचं म्हणजे अपडेट घ्यायचे. ते नेटवरून येतात आणि नेटला पैसे पडतात. पोलादपूरच्या आतल्या वाड्यांतून आलेल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. तिथे घरात वायर आलेली नाही, रेंजसाठी अंगणाचा एक विशिष्ट कोपरा धरावा लागतो. गटाचा कॉम्प्युटर चालतो तो कुणाच्या तरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर.

आता गंमत बघा. गंमत कसली, धोकाच आहे. अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट जोडला, की लिनक्स बहुतेक वेळा स्वतःच ओळखतं, की हे मोजून मिळणारं नेट आहे. त्याला ‘मीटर्ड कनेक्शन’ म्हणतात. मालकाचे पैसे वाचावेत म्हणून उबुंटूसारख्या लिनक्समध्ये आपोआप होणारे सुरक्षेचे अपडेट अशा वेळी थांबवले जातात. हेतू चांगला आहे. पण ज्या मशीनला कधीच दुसरं नेट मिळत नाही, त्याचे अपडेट महिनोन् महिने थांबलेलेच राहतात. पुण्या-मुंबईच्या ऑफिसातलं मशीन रात्री आपोआप ताजं होतं. वाडीतलं, तेच लिनक्स, तेच कुलूप असलेलं मशीन मात्र जुन्या भोकांसकट चालू राहतं. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर घरी ब्रॉडबँड असलेला माणूस असणार, बाई तर नसणारच.

उपाय अवघड नाही. तुम्ही स्वतः हाताने ‘अपडेट कर’ असं सांगितलं तर मशीन ऐकतं. आठवड्यातला एक वार ठरवा. रोज दीड जीबी देणाऱ्या प्लॅनमध्ये त्या दिवसाचं उरलेलं नेट रात्री बाराला वाया जातं, तेव्हा रात्री नऊ-दहाला ते अपडेटला द्या. एका वेळी कधी पन्नास एमबी लागतात, कधी पाचशे. मर्यादा संपल्यावर मात्र प्रयत्न करू नका. त्यानंतर वेग साधारण ६४ केबीपीएसवर येतो आणि त्या वेगाने ३०० एमबी उतरायला दहा तासांवर लागतात. नाहीतर महिन्यातून एकदा मशीन पिशवीत घालून महाडला आणा आणि ज्या मैत्रिणीकडे ब्रॉडबँड आहे तिच्याकडे तासभर बसा. नेट कोणाचं का असेना, लिनक्सच्या अपडेटवर ते तयार करणाऱ्यांची किल्लीने केलेली सही असते. वाटेत कोणी भेसळ केली तर सही जुळत नाही आणि मशीन ते नाकारतं.

आता रिचार्जबद्दल. मोबाईल कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा असतो. २८ तेरे ३६४, म्हणजे वर्षाला १२ नव्हे तर १३ रिचार्ज. यावर ओरड झाल्यावर ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवायला सांगितलं. दुकानदार आपण होऊन तो सांगेलच असं नाही, विचारावं लागतं. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. घरात खर्च कापायची वेळ आली की कोणाचा रिचार्ज आधी थांबतो, ते आपल्याला माहीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५४ टक्के बायांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बाया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के.

आणि रिचार्ज थांबला की फक्त रील बघणं थांबत नाही. ओटीपी त्याच नंबरवर येतो. व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल, ईमेल, बँक, सगळ्यांची दारं त्या नंबरला बांधलेली. नंबर बरेच दिवस वापराविना राहिला तर कंपनी तो बंद करते आणि काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते. २०२३ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा आपली माहिती काढून घेण्याची काळजी आधीच्या ग्राहकानेच घ्यावी असं न्यायालयाने म्हटलं. ज्या बाईला रिचार्ज परवडत नाही म्हणून नंबर गेला, तिने काय काळजी घ्यायची, हे मात्र आपल्यालाच बघावं लागेल. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमामुळे कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे, नेट नसलेले प्लॅनही ठेवावे लागतात. नंबर जिवंत ठेवण्यापुरता तो पुरतो. ज्यांच्या केसेस चालू आहेत त्यांच्यासाठी तेवढा तरी करून ठेवा.

याहून मोठा प्रश्न सिम कोणाच्या नावावर आहे हा. आपल्याकडे आलेल्या बायांना मी हे पहिल्या दिवशीच विचारते. दहापैकी कितीजणींचं उत्तर ‘त्यांच्या’ असं येतं, ते तुम्ही तुमच्या गावात मोजून बघा. सिम नवऱ्याच्या नावावर असेल तर तो ओळखपत्र दाखवून डुप्लिकेट सिम घेऊ शकतो. त्यात फसवणूकसुद्धा नाही, कागदावर तोच ग्राहक. मग ओटीपी त्याच्या हातात आणि आपल्या डिस्कचं कुलूप कितीही पक्कं असो, आपण त्या बाईला पाठवलेला अर्ज तो बसल्या जागी वाचतो. म्हणून माहेरी आलेल्या बाईचं पहिलं काम तिच्या स्वतःच्या नावावर नवं सिम. व्हॉट्सअ‍ॅपला दुहेरी पिन, सिग्नलला नोंदणीचं कुलूप लावा. आणि गटाच्या खात्यांचे नंबर कोणा कार्यकर्तीच्या नवऱ्याच्या, भावाच्या नावावर नकोत. तो भला माणूस असला तरी नकोत.

कोर्टाचंही वारं ओळखून असा. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विभोर गर्ग विरुद्ध नेहा या खटल्यात, नवरा-बायकोने एकमेकांचं गुपचूप केलेलं फोन रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं. हे बाईच्याही उपयोगाचं आहे, पण फोन बहुधा कोणाच्या ताब्यात असतो ते बघता मला त्यात धोका अधिक दिसतो. तिच्या बाजूचं रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोन जपून ठेवा. नुसती पुढे पाठवलेली प्रत कोर्टात कमी पडते.

एकीने विचारलं, कुलूप लावणं बेकायदा आहे का? नाही. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार रीतसर आदेशाने ते उघडून मागू शकतं आणि नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दारात आलेला कोणीही साध्या वेशातला माणूस म्हणजे आदेश नव्हे. लेखी आदेश बघायचा, वकिलाला फोन करायचा. खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा आहे, नऊ न्यायमूर्तींचा. पण महाडच्या माणसाला कागदावरच्या हक्काचं काय होतं ते सांगावं लागत नाही. चवदार तळं नगरपालिकेच्या ठरावाने १९२४ सालीच खुलं झालं होतं. पाणी प्यायला १९२७ चा मार्च उजाडावा लागला.

शेवटी पाण्याचाच एक मुद्दा. २२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीचं पाणी महाडात शिरलं, वीज गेली, फोन गेले. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर त्याच पावसात दरडी आल्या. त्यापुढे कॉम्प्युटरचं दुःख करणं बरं दिसत नाही. पण पुरानंतर सरकारी दारी बाईला उभं राहायचं असतं ते कागद घेऊनच. म्हणून फाईलींची दुसरी प्रत, तीही कुलूप लावलेली, वेगळ्या डिस्कवर हवी. महाडची प्रत पोलादपूरला ठेवून भागणार नाही, दोन्हीकडे तोच पाऊस पडतो. एखादी पुण्याच्या विश्वासू संस्थेत ठेवा. त्या डबीचीही वेगळी नक्कल काढून ठेवायची असते. तिला हेडर म्हणतात. डिस्कवरचा तेवढाच छोटा भाग खराब झाला तर परवलीचा शब्द माहीत असूनही काही उघडत नाही. मात्र कोणाचं झाकण काढलंत की नक्कल नवी काढा आणि जुनी नष्ट करा, कारण जुन्या नकलेवर गेलेल्या कार्यकर्तीचा शब्द अजून चालतो. एक परवलीचा शब्द कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद करून, उंचावर आणि मशीनपासून लांब ठेवा.

या सगळ्याला पैसे लागतात. गटांच्या अंदाजपत्रकात प्रवास, चहा, झेरॉक्स असतं, रिचार्ज नसतो. तो प्रत्येकीच्या पदरचा समजला जातो. एका सिमचे वर्षाचे १३ रिचार्ज आणि एक बाहेरची डिस्क, एवढी रक्कम पुढच्या ठरावात घाला. देणगीदार विचारतील, हे कशाला? त्यांना जबाबांची फाईल दाखवू नका, फक्त ती किती जाड आहे ते सांगा.

आता चहा घेऊ. त्यानंतर प्रत्येकीने आपापलं सिम कोणाच्या नावावर आहे ते संचार साथीवर तपासायचं आहे. ज्या मशीन घेऊन आल्या आहेत त्यांनी खिडकीजवळ बसावं, तिथे रेंज बरी आहे. शेवटचा अपडेट कोणत्या तारखेचा आहे ते आधी बघू.